ट्रॉय म्हणजे नेमकं कोणतं ट्रॉय? अमेरिकेतल्या एकाच नावाच्या गावांचा गुंता

अमेरिकेच्या नकाशावर ट्रॉय हे नाव शोधायला बसलं तर यादी लांबतच जाते. न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, मिसुरी, मोंटाना, मेन, न्यू हॅम्पशायर, अलाबामा, आयडाहो, कॅन्सस, टेक्सस, सगळीकडे एकेक ट्रॉय आहे आणि काही राज्यांत एकाहून जास्त आहेत. कार्थेज, पाल्मायरा, कॉरिंथ, स्पार्टा, अथेन्स, युटिका या इतर प्राचीन शहरांच्या नावांचीही तीच गत. डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींना ट्रॉय म्हटलं की भारतीय टेंपल असलेलं मिशिगनचं ट्रॉय डोळ्यांपुढे येतं. ते तर २०२० च्या जनगणनेनुसार सत्त्याऐंशी हजारांवर वस्तीचं शहर आहे. बाकीची बहुतेक ट्रॉय त्यामानाने लहान आहेत, काही अगदीच छोटी.

कुणाच्या वंशावळीत, जुन्या पत्रात किंवा पार्सलवर नुसतं ‘ट्रॉय’ लिहिलेलं असेल, तर त्यावरून गाव ठरत नाही. त्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात: राज्य, काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा भाग) आणि ते गाव कोणत्या प्रकारचं आहे. आपल्याकडे नुसतं वडगाव म्हणून भागत नाही, तालुका-जिल्हा सांगावाच लागतो, तसंच हे. फरक एवढाच की अमेरिकेत तिसरी गोष्ट, म्हणजे गावाचा प्रकार, बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि चुका तिथेच होतात.

ही नावं आली कुठून

सुरुवात न्यूयॉर्क राज्यातून झाली. स्वातंत्र्ययुद्ध संपत आलं तेव्हा राज्याच्या तिजोरीत सैनिकांना द्यायला पैसा नव्हता, म्हणून जमीन द्यायचं ठरलं. ओनोंडागा आणि कायुगा लोकांची भूमी घेऊन तिचे अठ्ठावीस पट्टे पाडले गेले. प्रत्येक पट्ट्यात शंभर तुकडे आणि प्रत्येक तुकडा ६०० एकरांचा, म्हणजे एकूण १६ लाख ८० हजार एकर. साध्या शिपायाच्या वाट्याला असा एक तुकडा यायचा. पट्ट्यांना नावं हवीत म्हणून १७९० मध्ये कचेरीत बसून यादी केली गेली: होमर, व्हर्जिल, ओव्हिड, हेक्टर, युलिसीस, सिसेरो, हॅनिबल, रोम्युलस, सिनसिनॅटस आणि असे बरेच. बरीच वर्षं ही नावं सर्व्हेअर जनरल सिमियन डी विट यांनी दिली असं मानलं जाई. आता त्यांच्याच कचेरीतले कारकून रॉबर्ट हार्पर यांना त्याचं श्रेय देतात. हार्पर पूर्वी न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे त्यांना ग्रीक-रोमन नावं तोंडपाठ असणार. त्या अठ्ठावीस नावांत तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं एकही नाव नाही, आणि ही गोष्ट विसरता कामा नये. डी विट यांनी पुढे युलिसीस पट्ट्यातल्या आपल्या जमिनीवर गाव वसवलं, त्याचं नाव ठेवलं इथाका.

ही सगळी माणसांची नावं. शहरांची नावं घ्यायची प्रथा त्याच सुमारास शेजारी सुरू झाली होती. हडसन नदीकाठी व्हॅनडरहेडन घराण्याच्या जमिनीवर एक वस्ती होती. ५ जानेवारी १७८९ रोजी तिथल्या रहिवाशांनी सभा घेतली आणि ट्रॉय हे नाव मुक्रर केलं. जमीनमालकाला ते रुचलं नाही, आणि पुढची काही वर्षं त्याने आपल्या खरेदीखतांत ‘व्हॅनडरहेडन उर्फ ट्रॉय’ असंच लिहिलं. जुने दस्त चाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण त्याच जागेचे कागद दोन्ही नावांखाली सापडतात. या शहराच्या मुद्रेवर लॅटिन वाक्य आहे, ‘इलियम फुइट, ट्रोया एस्ट’: इलियम (प्राचीन ट्रॉयचं दुसरं नाव) होतं, ट्रॉय आहे.

१७९८ मध्ये ओल्ड फोर्ट स्कायलर इथल्या लोकांनी बॅग्ज टॅव्हर्न या खानावळीत बसून टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि युटिका निघालं, अशी हकिकत सांगतात. युटिका हे उत्तर आफ्रिकेतलं, कार्थेजच्या शेजारचं प्राचीन शहर. आधी लाँग फॉल्स म्हणून ओळखली जाणारी ब्लॅक नदीवरची वस्ती पुढे कार्थेज झाली.

या हौसेमागे कारण होतं. राजाला झुगारून नवं प्रजासत्ताक उभं करणाऱ्यांना इंग्लंडची नावं नको होती आणि रोम-ग्रीसचा वारसा सांगायचा होता. पण ही नावं सगळ्या देशात पसरली ती मुख्यतः स्थलांतरामुळे. न्यूयॉर्कची माणसं पश्चिमेकडे ओहायो, मिशिगन, इलिनॉय, विस्कॉन्सिनमध्ये सरकत गेली आणि गावाचं नाव सोबत घेऊन गेली. भूगोलतज्ज्ञ विल्बर झेलिन्स्की यांनी १९६७ मध्ये या प्राचीन नावांचा प्रसार नकाशावर मांडला, तेव्हा उगम न्यूयॉर्कच्या वरच्या भागात आणि तिथून पश्चिमेकडे वाट, असं चित्र दिसलं. म्हणजे मिडवेस्टमधलं एखादं ट्रॉय ग्रीक महाकवी होमरच्या ट्रॉयवरून नव्हे, तर न्यूयॉर्कच्या ट्रॉयवरून आलेलं असू शकतं. वंशावळ शोधणाऱ्याला हा धागा उपयोगी पडतो: गावाचं नाव बऱ्याचदा वसाहतकारांच्या मागच्या गावाकडे बोट दाखवतं.

तिसरी वाट विद्यापीठाची. ओहायोत जंगल तोडून वसाहत होत असतानाच विद्यापीठासाठी जमीन राखली गेली, त्या गावाला अथेन्स म्हटलं आणि १८०४ मध्ये तिथे ओहायो युनिव्हर्सिटीची सनद मिळाली. जॉर्जियात १८०१ मध्ये जॉन मिलेज यांनी विद्यापीठासाठी ६३३ एकर दिले, तिथलं गावही अथेन्सच. ओहायोच्या अथेन्स काउंटीचा नकाशा मात्र मुद्दाम उघडून बघावा. तिथल्या चौदा टाऊनशिपांमध्ये, म्हणजे काउंटीच्या आखलेल्या भागांमध्ये, अथेन्स आहे, रोम आहे, कार्थेज आहे आणि ट्रॉयही आहे. रोम, कार्थेज आणि ट्रॉय यांच्या हद्दी तर एकमेकींना लागून आहेत.

टपाल खात्याचा नियम, आणि त्याची मर्यादा

एवढी सारखी नावं असून पत्रं पोचत कशी होती? टपाल खात्याचा दंडक होता: एका राज्यात एका नावाचं एकच पोस्ट ऑफिस. दुसऱ्या राज्यात तेच नाव असलं तरी हरकत नाही. नकाशावरचा बराच गुंता या एका नियमाने उलगडतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचं उदाहरण घ्या. या गावाची नावं आधी बरीच बदलली होती आणि १८२० च्या सुमारास ते कॉरिंथ म्हणवत होतं. पण साराटोगा काउंटीत १८१८ पासून कॉरिंथ होतंच, म्हणून टपाल खात्याने नकार दिला. मग पहिले पोस्टमास्तर जॉन विल्किन्सन यांनी सिरॅक्यूज सुचवलं. सिसिलीतलं प्राचीन सिरॅक्यूज दलदलीच्या काठी, मिठाच्या झऱ्यांजवळ वसलेलं, आणि यांच्याकडेही ओनोंडागा तलावाकाठी मिठाचे झरे होते. नियम नसता तर आजच्या त्या शहराचं नाव कॉरिंथ असतं.

ज्यांना नाव सोडवत नव्हतं ते पुढे-मागे शब्द जोडत. ईस्ट ट्रॉय, वेस्ट कार्थेज, न्यू अथेन्स, नॉर्थ युटिका, ट्रॉय ग्रोव्ह ही सगळी तशी नावं. इलिनॉयमधल्या नॉर्थ युटिकाला लोक नुसतं युटिकाच म्हणतात, पण सरकारी कागदावर नॉर्थ असतं. ट्रॉय ग्रोव्हचं आधीचं नाव होमर. बंदूकबाज म्हणून गाजलेला वाइल्ड बिल हिकॉक १८३७ मध्ये तिथे जन्मला, म्हणून त्याच्या जन्मगावाची नोंद कुठे होमर तर कुठे ट्रॉय ग्रोव्ह अशी मिळते. गाव तेच.

पण हा नियम पोस्ट ऑफिसांपुरताच होता. काउंटीने आपल्या टाऊनशिपला काय नाव द्यावं यावर टपाल खात्याचा अधिकार नव्हता. म्हणून ओहायोत मायामी काउंटीतलं ट्रॉय शहर एकच, पण ट्रॉय टाऊनशिप सात: ॲशलंड, अथेन्स, डेलावेअर, जिऑगा, मॉरो, रिचलंड आणि वुड या काउंटींमध्ये. विस्कॉन्सिनमध्ये सेंट क्रॉय, सॉक आणि वॉलवर्थ या तीन काउंटींत एकेक टाऊन ऑफ ट्रॉय आहे. ‘एका राज्यात एकच ट्रॉय असणार’ असं धरून चालणारा संशोधक इथे हमखास फसतो.

गाव म्हणजे कोणत्या प्रकारचं गाव

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे वळू. सिटी, व्हिलेज आणि बरो यांना स्वतःची सनद आणि स्वतःचं स्थानिक सरकार असतं. टाऊनशिप म्हणजे काउंटीचा जमिनीवर आखलेला भाग, त्यात शेतं, रस्ते, वाड्या सगळं आलं. न्यूयॉर्कमध्ये आणि विस्कॉन्सिनमध्ये याच भागाला ‘टाऊन’ म्हणतात. न्यू इंग्लंडमध्ये ‘टाऊन’ म्हणजे वस्ती आणि आजूबाजूची जमीन मिळून पूर्ण स्थानिक संस्था. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत कारभाराची टाऊनशिप ही भानगडच नाही. आणि ‘अनइनकॉर्पोरेटेड’ म्हणजे लोक राहतात, नाव रूढ आहे, पण स्वतःचं सरकार नाही. अशा वस्तीला जनगणना खातं कधीकधी आकडेवारीपुरती हद्द आखून देतं. ती हद्द मोजणीसाठी असते, कारभाराशी तिचा संबंध नसतो.

यामुळे एकाच नावाच्या दोन संस्था एकमेकींत घुसलेल्या दिसतात. न्यूयॉर्कमध्ये सिटी ऑफ इथाका आणि तिला वेढून असलेलं टाऊन ऑफ इथाका या दोन वेगळ्या संस्था आहेत. पेनसिल्व्हेनियात ब्रॅडफर्ड काउंटीत ट्रॉय बरो आहे आणि ट्रॉय टाऊनशिपही आहे. वर क्रॉफर्ड काउंटीत आणखी एक ट्रॉय टाऊनशिप. एखादी लोकसंख्या दुसरीपेक्षा फारच वेगळी दिसली तर आकडा चुकला असं लगेच समजू नये. आधी दोन्ही आकडे एकाच संस्थेचे आहेत का ते पाहावं.

पत्ता लिहिताना

आजच्या पत्त्यात सगळ्यात धोकादायक भाग राज्याच्या दोन अक्षरी खुणेचा. ट्रॉयच्या बाबतीत तर विशेष, कारण ‘एम’ने सुरू होणाऱ्या निदान चार राज्यांत ट्रॉय आहे: एमआय म्हणजे मिशिगन, एमओ म्हणजे मिसुरी, एमटी म्हणजे मोंटाना आणि एमई म्हणजे मेन. पुष्कळ जण एमआयचा अर्थ मिसिसिपी किंवा मिनेसोटा असा लावतात, तर एमओ म्हणजे मोंटाना समजतात. एक अक्षर चुकलं की पार्सल हजार मैल दूर. तिथे त्याच नावाचं गाव खरोखर असल्यामुळे चूक लगेच उघडीही पडत नाही.

यावर उतारा म्हणजे १ जुलै १९६३ पासून सुरू झालेला पाच अंकी झिप कोड. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक टपाल वर्गवारीचं केंद्र सांगतात. न्यूयॉर्कच्या ट्रॉयचा १२१८०, ओहायोचा ४५३७३, मिसुरीचा ६३३७९, मोंटानाचा ५९९३५, आणि मिशिगनच्या ट्रॉयचे कोड ४८० ने सुरू होतात. राज्याची खूण आणि झिपचा पहिला अंक यांचा मेळ बसला नाही तर कुठेतरी गडबड आहे असं समजावं. न्यू इंग्लंडचे कोड शून्याने सुरू होतात. न्यू हॅम्पशायरच्या ट्रॉयचा ०३४६५ आहे. पत्त्यांची यादी एक्सेलमध्ये टाकली की तो शून्य गळून ३४६५ उरतो आणि लेबलं तशीच छापली जातात. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून मगच कोड भरावेत.

आणखी एक गोष्ट. पत्त्यात ट्रॉय असलं म्हणजे माणूस ट्रॉयचा रहिवासी असेलच असं नाही. पत्त्यातलं गाव हे पत्र वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचं. न्यूयॉर्कच्या ट्रॉयला लागून असलेल्या टाऊन ऑफ ब्रन्सविकमधल्या कित्येक घरांचा पत्ता ट्रॉयचा आहे, पण त्यांचा घरपट्टीचा कागद ब्रन्सविकचा. घर घेताना, शाळा बघताना किंवा परवाना काढताना पत्त्यावर न जाता काउंटीच्या नकाशावर तो प्लॉट कोणत्या हद्दीत पडतो ते पाहणं भाग आहे.

जुन्या कागदातलं गाव ओळखताना

पहिलं काम म्हणजे कागदावर जसं लिहिलंय तसंच उतरवणं. संक्षेप स्वतःच्या मनाने फोडू नये. जुन्या हस्ताक्षरात कॅलिफोर्नियाचं ‘कॅल.’ आणि कोलोराडोचं ‘कोल.’ एकसारखं दिसतं आणि एकदा चुकीचं राज्य लिहून ठेवलं की पुढचा सगळा शोध भलत्याच दिशेला जातो. सोबत कागदाचं साल लिहावंच, कारण पुढची प्रत्येक पायरी सालावर अवलंबून आहे.

मग उमेदवार गावांची यादी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडे देशभरातल्या स्थळनामांची सरकारी नोंद आहे आणि तिची छाननी १८९० मध्ये स्थापन झालेलं भौगोलिक नामांचं मंडळ करतं. मंडळ एका जागेचं एक अधिकृत नाव ठरवतं, दोन जागांना एकच नाव असायला त्याची आडकाठी नाही. नोंदीत प्रत्येक जागेला कायमचा क्रमांक, काउंटी, अक्षांश-रेखांश आणि वर्ग दिलेला असतो. वस्ती हा एक वर्ग, कारभाराचा विभाग हा दुसरा. टाऊनशिप दुसऱ्या वर्गात येते. नावापुढे ‘हिस्टॉरिकल’ असेल तर ती जागा आता उरलेली नाही. अशा उठलेल्या वस्त्या आजच्या साध्या नकाशावर सापडत नाहीत, त्यामुळे शोध कायम या नोंदीपासूनच सुरू करावा.

तिसरी पायरी काउंटीची, आणि इथे फार जण अडकतात. काउंटींच्या सीमा बदलत गेल्या. न्यूयॉर्कचं ट्रॉय आज रेन्सेलिअर काउंटीत आहे, पण ती काउंटी १७९१ मध्ये ऑल्बनी काउंटीतून काढली गेली. नाव पडलं १७८९ मध्ये, म्हणजे सुरुवातीचे कागद ऑल्बनीच्या दप्तरात शोधायचे. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने प्रत्येक काउंटीच्या सीमा तारखेनिशी दाखवणारा नकाशासंग्रह तयार केला आहे. त्यात आपलं साल टाकून पाहावं.

जनगणनेचे तक्ते वाचताना वरचा मथळा आधी वाचा. १८५० पासून प्रत्येक मुक्त व्यक्तीचं नाव तक्त्यात येतं. १८६० आणि १८७० च्या तक्त्यांत टाऊनशिपचं नाव एका ओळीत आणि पोस्ट ऑफिसचं नाव दुसऱ्या ओळीत असतं. माणूस ट्रॉय टाऊनशिपमध्ये राहतोय आणि त्याचं पोस्ट भलत्याच नावाचं आहे, असं सर्रास दिसतं. दोन्ही उतरवून घ्यावीत, कारण त्या जोडीवरूनच ओहायोतल्या सातपैकी कोणती ट्रॉय टाऊनशिप ते ठरतं. जन्मस्थान म्हणून तक्त्यात राज्य किंवा देश मिळतो, गाव नाही. आणि १८९० चे तक्ते शोधत बसू नये: १९२१ च्या आगीमुळे त्यातले फारच थोडे उरले.

एवढ्याने निकाल लागला नाही तर राष्ट्रीय अभिलेखागारातले टपाल खात्याचे कागद काढावेत. पोस्ट ऑफिस कुठे आहे हे पोस्टमास्तरने स्वतः भरून पाठवायचं, असे १८३७ ते १९५० पर्यंतचे फॉर्म तिथे आहेत. जवळची नदी कोणती, ओढा कोणता, किती अंतरावर, कोणत्या बाजूला, शेजारची पोस्ट ऑफिसं कोणती, असे प्रश्न त्यात असतात. काहींना हाताने काढलेला नकाशाही जोडलेला आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत सेक्शन, टाऊनशिप आणि रेंज यांचे आकडेही लिहिलेले असतात. इथे टाऊनशिपचा अर्थ बदलतो: १७८५ च्या जमीन कायद्याप्रमाणे सहा मैल बाय सहा मैलांचा चौरस, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. हा मोजणीचा चौरस. त्याला आकडा असतो, नाव नसतं. ट्रॉय टाऊनशिप ही कारभाराची, तिची हद्द मोजणीच्या चौरसाशी जुळतेच असं नाही. दोन्ही एकच धरले की जमीन शेजारच्या चौरसात जाऊन बसते.

नावाच्या मुळाबद्दलही सावध राहावं. प्रत्येक ट्रॉयचं मूळ होमरच्या महाकाव्यात नसतं. नॉर्थ कॅरोलिनातलं ट्रॉय त्याच आडनावाच्या माणसावरून पडलं असं सांगतात. पेनसिल्व्हेनियातलं पाल्मायरा आधी पामस्टाऊन होतं, पाम हे संस्थापकाचं आडनाव. पुढे ते सीरियातल्या प्राचीन पाल्मायराच्या वळणावर नेलं गेलं.

फोनवर चौकशी करायची असेल तर उच्चार माहीत हवा. पाल्मायरात मधला ‘माय’ ठळक. इलिनॉयचं अथेन्स तिथले लोक ‘एथेन्स’ म्हणतात, एवर जोर देऊन. त्याच राज्यातलं कैरो ‘केरो’ होतं. न्यूयॉर्कमधल्या डेलावेअर काउंटीत डेल्ही आहे, त्याला तिथे ‘डेलहाय’ म्हणतात. एबेनेझर फूट या प्रतिष्ठित गृहस्थांना गावात ‘ग्रेट मोगल’ म्हणत, म्हणून मोगलांची राजधानी गावाच्या नावात आली.

भारतातून गेलेली आणखीही नावं आहेत. इलिनॉयमध्ये ओहायो नदीकाठी गोलकोंडा आहे, आधीचं सारासव्हिल, हिऱ्यांसाठी गाजलेल्या गोवळकोंड्यावरून १८१७ मध्ये बदललेलं. आणि न्यूयॉर्क राज्याच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ, बॉम्बे नावाचं टाऊन आहे. ते १८३३ मध्ये वेगळं काढलं गेलं. मायकल होगन या जमीनमालकाच्या पत्नीचा मुंबईशी संबंध होता, त्यावरून ते नाव. मुंबईचं अधिकृत नाव बदललं तरी हे बॉम्बे तसंच आहे. त्याची माहिती शोधताना ‘टाऊन ऑफ बॉम्बे, फ्रँकलिन काउंटी, न्यूयॉर्क’ असा पूर्ण उल्लेख टाकावा लागतो, नाहीतर शोधयंत्र आपली मुंबईच दाखवत राहतं.